टेलिफोनच्या पलीकडचे बेल

४ ऑगस्ट १९२२ रोजी सायंकाळी अमेरिका आणि कॅनडातील टेलिफोनसेवा एक मिनिट थांबविण्यात आली. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील एका टेकडीवर त्या वेळी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे दफन होत होते. आवाजाला तारेवरून दूरदेशी पोचविणाऱ्या माणसाला शांततेने निरोप द्यावा, ही कल्पना समर्पकच होती. मात्र कबरीपाशी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीला, मेबल यांना, त्या मिनिटापूर्वीची आणि नंतरची शांतता सारखीच होती. पाच वर्षांच्या असताना त्यांची श्रवणशक्ती गेली होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी पतीचा आवाज एकदाही ऐकला नाही आणि पतीने शोधलेला टेलिफोन त्यांच्या कधीच उपयोगी पडला नाही.

जग बेल यांना टेलिफोनचे जनक म्हणून ओळखते. ते स्वतःची ओळख मात्र प्रथम कर्णबधिरांचा शिक्षक अशीच करून देत. या शिक्षकाविषयी कर्णबधिर समाजाच्या मनात आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही कृतज्ञतेपेक्षा रागच अधिक आहे. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्यांनीच दोषी ठरवावे, असे या माणसाच्या हातून काय घडले, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या घरापासूनच सुरुवात करावी लागते.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. उच्चारशास्त्र हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. आजोबा शुद्ध उच्चार व वक्तृत्व शिकवीत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी तर उच्चारांची एक स्वतंत्र लिपीच तयार केली होती. तिला ते दृश्य वाणी म्हणत. एखादा ध्वनी काढताना जीभ, ओठ आणि घसा कोणत्या स्थितीत असतात, हे त्या लिपीतील चिन्हे दाखवीत. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्णांची विभागणी ज्यांनी शाळेत पाठ केली आहे, त्यांना या कल्पनेचे मर्म चटकन उमजेल. ध्वनी कानांनी न ऐकताही, तो तोंडात कसा घडतो हे पाहून उच्चारता येईल, असा तिचा दावा होता.

ज्या घरात उच्चारांचा एवढा अभ्यास चाले, त्या घरातील गृहिणीला जवळजवळ ऐकूच येत नव्हते. आई एलायझा या उत्तम चित्रकार होत्या, पियानो वाजवीत आणि कानाला नळी लावून जमेल तेवढे ऐकण्याचा प्रयत्न करीत. इतर माणसे त्या नळीत मोठ्याने बोलत. लहानग्या अलेकने मात्र वेगळीच युक्ती शोधली होती. आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन तो खालच्या, गंभीर स्वरात बोले. त्या कंपनांवरून आईला त्याचे बोलणे कळे, असा त्याचा अनुभव होता. शिवाय दोन्ही हातांच्या बोटांनी एकेक अक्षर दाखविण्याची इंग्लंडमध्ये रूढ असलेली करपल्लवीही तो शिकला होता. घरी पाहुणे आले, की आईजवळ बसून चाललेल्या गप्पा तो बोटांनी तिला कळवीत असे. मोठेपणी ज्यांनी हातांच्या भाषेविरुद्ध एवढी मोठी मोहीम उघडली, त्यांचे स्वतःच्या आईशी बोलणे असे हातांनी चालत होते.

१८६८ मध्ये लंडनमधील कर्णबधिर मुलींच्या एका छोट्या शाळेत बेल यांनी वडिलांची दृश्य वाणी शिकविण्याचा पहिला प्रयोग केला. तो यशस्वी झाला. परंतु घरावर मात्र याच काळात आघातामागून आघात होत होते. १८६७ मध्ये धाकटा भाऊ आणि १८७० मध्ये थोरला भाऊ क्षयाने दगावला. उरलेल्या एकुलत्या एका मुलाला तरी वाचवावे, म्हणून आईवडील त्याला घेऊन कॅनडातील ब्रँटफर्ड येथे स्थायिक झाले. मोकळ्या हवेत बेल यांची प्रकृती सुधारली आणि १८७१ मध्ये ते बॉस्टनच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागले. पुढे नॉर्थॅम्प्टन आणि हार्टफर्ड येथील शाळांतही त्यांनी आपली पद्धत दाखविली. १८७३ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले.

टेलिफोनच्या शोधाची कहाणी याच वर्गांतून सुरू होते. जॉर्ज सँडर्स हा पाच वर्षांचा जन्मतः बधिर मुलगा त्यांच्याकडे शिकत होता. मेबल हबर्ड ही त्यांची दुसरी विद्यार्थिनी. जॉर्जचे वडील थॉमस सँडर्स हे चामड्याचे व्यापारी, तर मेबलचे वडील गार्डिनर हबर्ड हे बॉस्टनचे नामांकित वकील. बेल यांच्या विजेच्या प्रयोगांना पैसा पुरविला तो या दोन पित्यांनी. प्रयोगांची दिशाही वर्गातूनच मिळाली. विद्यार्थ्यांना आपला आवाज डोळ्यांनी पाहता यावा, यासाठी बेल एक यंत्र तयार करीत होते. १८७४ मध्ये त्यांनी एका कर्णतज्ज्ञाकडून मृत माणसाचा कान मिळविला, त्याच्या पडद्याला गवताची काडी जोडली आणि काजळी धरलेल्या काचेवर आवाजाच्या लहरी उमटविल्या. एवढासा पातळ पडदा कानातील हाडे हलवू शकतो, तर मग मोठा पडदा लोखंडाची पट्टी हलवून विजेच्या प्रवाहात तशाच लहरी का उठवू शकणार नाही, हा विचार त्यातूनच पुढे आला. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि १० मार्चला तारेवरून स्पष्ट शब्द ऐकू आले.

११ जुलै १८७७ रोजी बेल आणि मेबल विवाहबद्ध झाले. विवाहप्रसंगी बेल यांनी नव्या टेलिफोन कंपनीतील आपले दहा समभाग वगळून बाकी सर्व मेबल यांच्या नावे केले. पती-पत्नीमधील प्रेमाविषयी कोणालाही शंका घेता येणार नाही. बेल बोलत आणि मेबल त्यांच्या ओठांकडे पाहून समजून घेत. ओष्ठवाचनात त्या एवढ्या निष्णात होत्या, की त्यांना ऐकू येत नाही हे अनेकांच्या लक्षातही येत नसे. त्या घरात खुणांना स्थान नव्हते.

बेल यांच्या मनातील पुढच्या साऱ्या आग्रहाचे मूळ येथे सापडते. आई आणि पत्नी या दोन्ही स्त्रिया ऐकू येत नसतानाही बोलत होत्या, ऐकणाऱ्यांच्या जगात सन्मानाने वावरत होत्या. मग प्रत्येक कर्णबधिर मुलाला हे का जमू नये? परंतु मेबल यांची परिस्थिती सर्वसाधारण नव्हती. तांबड्या तापात कान गेले तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. म्हणजे इंग्रजी भाषा त्यांच्या मनात आधीच रुजली होती. ती टिकवावी म्हणून वडिलांनी पाण्यासारखा पैसा खर्च केला. घरी शिक्षिका ठेवली, मुलीला जर्मनीत शिक्षणासाठी पाठविले. इतकेच नव्हे, तर बोलण्याच्या पद्धतीने शिकविणारी शाळा मॅसॅच्युसेट्समध्ये निघावी म्हणून विधिमंडळात खटपट करून १८६७ मध्ये ती उभी केली. जन्मतः बधिर असलेल्या, बेताच्या कमाईच्या घरातील मुलापाशी यांपैकी काहीही नसते. ज्याने भाषा कधी ऐकलीच नाही, त्याला एकेक उच्चार घशावर हात ठेवून आणि आरशात पाहून शिकावा लागतो. त्यात वर्षेच्या वर्षे जातात आणि तरीही यशाची खात्री नसते.

याच काळात वॉशिंग्टनमध्ये आणखी एक गृहस्थ होते. त्यांची आईदेखील कर्णबधिर होती. एडवर्ड माइनर गॅलॉडेट हे त्यांचे नाव. त्यांचे वडील थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट यांनी लॉरां क्लेर या फ्रेंच कर्णबधिर शिक्षकाच्या साहाय्याने १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा काढली होती आणि तेथील विद्यार्थिनी सोफिया फाउलर यांच्याशी विवाह केला होता. सोफिया जन्मतः बधिर. खुणांची भाषा हीच त्यांची भाषा. त्या भाषेत त्यांनी आठ मुले वाढविली. सर्वांत धाकटे एडवर्ड पुढे कर्णबधिरांसाठी १८६४ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाचे प्रमुख झाले. ज्यांना बोलणे जमेल त्यांना ते शिकवावे, पण खुणांची भाषा कोणाकडूनही हिरावून घेऊ नये, असे त्यांचे मत होते. दोन बधिर मातांच्या या दोन पुत्रांनी आपापल्या आईकडे पाहून परस्परविरोधी निष्कर्ष काढले. १८८० मध्ये गॅलॉडेट यांच्या महाविद्यालयाने बेल यांना सन्माननीय पदवी दिली होती. पुढील काही वर्षांतच हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक बनले.

त्याच १८८० च्या सप्टेंबरमध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शिक्षणात खुणांपेक्षा बोलणेच श्रेष्ठ, असा ठराव तेथे १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. ज्यांच्या भवितव्याचा हा निर्णय होता, त्या कर्णबधिरांचा परिषदेतील प्रतिनिधी केवळ एक. बेल स्वतः मिलानला गेले नव्हते. गॅलॉडेट गेले होते आणि त्यांनी ठरावाला विरोध केला होता. त्यानंतर युरोपातील शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार होऊ लागली. अमेरिकेत त्या मताला सर्वांत मोठे बळ दिले ते बेल यांच्या कीर्तीने आणि पैशाने.

१८८० मध्येच फ्रान्स सरकारने विजेच्या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना ५० हजार फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक दिले. त्यातून त्यांनी वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा उभारली आणि पुढे तिच्या उत्पन्नातून १८८७ मध्ये बधिरत्वाविषयी माहिती गोळा करणारी व्होल्टा ब्युरो ही संस्था स्थापन केली. १८९० मध्ये कर्णबधिरांना बोलण्यास शिकविण्याचा पुरस्कार करणारी संघटना काढून ते तिचे अध्यक्ष झाले. श्रवणशक्ती मोजणारे उपकरण त्यांनी त्यापूर्वीच तयार केले होते. आवाजाची तीव्रता ज्या एककात मोजतात, त्या डेसिबलमध्ये त्यांचे नाव आजही आहे.

बधिरत्व आनुवंशिक असते काय, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यानजीकच्या मार्थाज् व्हिनियर्ड बेटावर काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या बधिर मुले जन्मत. बेल यांनी तेथील वंशावळी जमविल्या. ज्या गावांत बधिरांचे प्रमाण अधिक होते, तेथील ऐकू येणारी माणसेही सहजपणे खुणांची भाषा बोलत. बाजारात, होड्यांवर, प्रार्थनेच्या वेळी हात बोलत असत आणि त्यामुळे बधिर माणूस तेथे एकाकी पडत नसे. बेल यांची नजर मात्र वंशावळींवर खिळली होती. त्यांतील कोडे त्यांना सुटले नाही. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम जगापुढे यायला १९०० साल उजाडावे लागले.

१३ नोव्हेंबर १८८३ रोजी राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे त्यांनी एक प्रबंध वाचला. कर्णबधिर माणसे आपसांतच विवाह करीत राहिली, तर मानवजातीत बधिरांची एक वेगळी जात निर्माण होईल, अशी भीती त्यात होती. अशा विवाहांना कायद्याने बंदी घालण्याचा विचार त्यांनी व्यवहार्य मानला नाही. परंतु बधिरांना एकत्र आणणाऱ्या गोष्टी मात्र दूर कराव्यात, असे सुचविले. त्यांच्या मते त्या गोष्टी तीन होत्या : वसतिशाळा, खुणांची भाषा आणि कर्णबधिर शिक्षक. वस्तुस्थिती अशी, की बधिर मुलांपैकी दहात नऊहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी जन्मतात आणि बधिर जोडप्यांची बहुतेक मुले ऐकू शकतात. प्रबंधातील भीती निराधार होती, पण तिचा परिणाम खरा होता. १९२१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये भरलेल्या सुप्रजननशास्त्राच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे सन्माननीय अध्यक्षपदही बेल यांच्याकडेच होते.

१८९१ मध्ये गॅलॉडेट यांनी आपल्या महाविद्यालयात शिक्षक-प्रशिक्षणाचा वर्ग काढण्यासाठी सरकारकडे अनुदान मागितले, तेव्हा त्यातून कर्णबधिर शिक्षक तयार होतील म्हणून बेल यांनी त्याला विरोध केला. स्वतः कर्णबधिर असलेले शिक्षक शाळांतून हळूहळू दिसेनासे झाले. १८७० च्या सुमारास अमेरिकेतील कर्णबधिरांच्या शाळांत दर दहा शिक्षकांपैकी चार स्वतः बधिर होते; पहिल्या महायुद्धापर्यंत हे प्रमाण घसरून सातात एकावर आले. वर्गात हात हलविले म्हणून मुलांच्या हातांवर छडी बसू लागली, कोठे हात बांधले जाऊ लागले. मुले उच्चार घोटत राहिली आणि गणित, इतिहास, भूगोल मागे पडले. १८८० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने या धोरणाचा सतत निषेध केला. तिचे एक अध्यक्ष जॉर्ज व्हेडिट्झ यांनी १९१३ मध्ये खुणांच्या भाषेत भाषण करून त्याचे चित्रीकरण करविले. आपली भाषा नष्ट झाली, तर ती कशी होती हे निदान पुढच्यांना कळावे, या चिंतेने ते तयार झाले होते. याच व्हेडिट्झ यांनी बेल यांची गणना कर्णबधिरांच्या सर्वांत भयंकर शत्रूंत केली.

शत्रू हा शब्द बेल यांच्या स्वभावाशी मात्र मुळीच जुळत नाही. १८८६ मध्ये अलाबामातील एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या आंधळ्या व बहिऱ्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे आले. बेल यांनी त्यांना बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेची वाट दाखविली. तेथून आलेल्या अ‍ॅन सुलिव्हान यांनी त्या मुलीचे आयुष्य पालटले. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. १९०३ मध्ये हेलन यांनी आपले आत्मचरित्र बेल यांनाच अर्पण केले. विशेष म्हणजे हेलन यांच्याशी बेल बोलत ते त्यांच्या तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवून. खुणांची भाषाही त्यांना चांगली अवगत होती.  ती माणसांना वेगळे पाडते, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या मनात द्वेष नव्हता. कर्णबधिरांचे हित कशात आहे, हे त्यांना विचारण्याआधीच आपल्याला ठाऊक आहे, ही खात्री होती.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे निधन झाले. पाच महिन्यांनी, ३ जानेवारी १९२३ रोजी मेबल यांनीही जगाचा निरोप घेतला.

काळाने पुढे या दोघांच्या हयातीत न सुटलेले काही हिशेब मिटविले. टेलिफोनमधील कार्बन प्रेषकाचे तत्त्व वापरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेवर चालणारी पहिली श्रवणयंत्रे निघाली. ती अवजड आणि महाग होती. १९४७ मध्ये बेल यांचेच नाव धारण करणाऱ्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, तेव्हा कंपनीने बेल यांच्या कर्णबधिरांसाठीच्या कार्याची आठवण म्हणून श्रवणयंत्रांपुरते स्वामित्वशुल्क माफ केले. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर असलेले पहिले श्रवणयंत्र बाजारात आले. त्याची किंमत २२९ डॉलर ५० सेंट. शुल्क माफ होऊनही ते सामान्यांच्या आवाक्यात नव्हते. टेलिफोन कर्णबधिरांच्या हाती यायला तर १९६४ साल उजाडावे लागले. रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टंकलिखित मजकूर टेलिफोनच्या तारेवरून पाठविण्याची सोय केली. शोधानंतर तब्बल अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, आणि तीही एका कर्णबधिरानेच.

भाषेच्या प्रश्नातही गॅलॉडेट यांची बाजू अखेर खरी ठरली. त्यांच्याच घराण्याचे नाव असलेल्या महाविद्यालयात शिकविणारे विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिले, की खुणांची भाषा म्हणजे तुटक हावभाव नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे आणि ती कोणत्याही भाषेइतकीच परिपूर्ण आहे. मिलानचा ठराव चुकीचा होता, हे मान्य करून त्याच परिषदेच्या परंपरेतील व्हँकुव्हर येथील अधिवेशनाने २०१० मध्ये खेद व्यक्त केला. मधल्या १३० वर्षांत किती पिढ्या शाळेतून अर्धशिक्षित बाहेर पडल्या, याची गणती नाही.

भारतही या इतिहासापासून दूर राहिला नाही. कर्णबधिरांसाठीची देशातील पहिली शाळा १८८० च्या दशकात मुंबईत निघाली, ती मिलानच्या ठरावाची शाई वाळते न वाळते तोच. पुढे दीर्घकाळ आपल्या बहुतेक शाळांतही बोलण्याच्या पद्धतीचाच वरचष्मा राहिला. १९८१ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून गरजूंना श्रवणयंत्रे मिळू लागली, १९८३ मध्ये मुंबईत अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधन व प्रशिक्षणाचे केंद्र मात्र दिल्लीत स्थापन व्हायला २०१५ साल लागले.

आज मूल ऐकू शकत नाही असे निदान झाले, की आईवडिलांपुढे प्रथम खर्चाचा आकडा येतो. श्रवणयंत्र घ्यावे की कानात रोपण करावे, त्यासाठी लाखो रुपये कोठून आणावेत, वाचा-उपचारांना रोज कोणी न्यावे, बॅटऱ्या आणि दुरुस्तीचे काय, हे प्रश्न खरेच आहेत. ज्या मुलांना या उपायांनी ऐकू येऊ लागते, बोलता येते, त्यांच्यासाठी ते वरदानही आहेत. परंतु पैसे जमेपर्यंत किंवा उच्चार उमटेपर्यंत मुलाला भाषेविना ठेवले, तर बालपणातील ती वर्षे कोणत्याही यंत्राने भरून येत नाहीत. हातांची भाषा त्याच दिवसापासून सुरू करता येते, आणि ती आली म्हणून बोलणे शिकण्याची वाट बंद होत नाही.

एडिंबरोच्या त्या घरात हे घडतच होते. आई बोलत होती, कानाला नळी लावत होती, आणि तिचा मुलगा शेजारी बसून बोटांनी तिला जगातील गोष्टी सांगत होता. तेथे एकासाठी दुसरे सोडावे लागले नव्हते. बेल पुढे फार मोठे झाले. आईपाशी बसून लहानपणीच जे आपसूक उमगले होते, ते मात्र त्यांनी इतरांच्या मुलांना नाकारले.